ओसोजी कुणासाठी?

डिसेंबर लागला की जपानी स्वच्छतेच्या पोस्टी फिरायला लागतात. ‘ओसोजी’ म्हणजे वर्षअखेरची मोठी साफसफाई करा, नको ते फेका, मन हलकं होईल, घरात पॉझिटिव्ह एनर्जी येईल. मला त्या वाचून चीड येते, कारण ज्याच्यासाठी ही सगळी झाडलोट, तो पाहुणाच त्यांतून गायब असतो.

नव्या वर्षाबरोबर तोशिगामी नावाचा देव घरोघर येतो आणि वर्षभराचं आयुष्य, पीकपाणी देतो, अशी तिथली जुनी श्रद्धा. दारातली पाइन-बांबूची काडोमात्सु त्याला घर सापडावं म्हणून. आत कागामी मोची, म्हणजे कुटलेल्या भाताचे एकावर एक ठेवलेले दोन गोळे, त्यात तो वस्तीला राहतो. हे मांडण्याआधी घर लख्ख हवं. ३१ तारखेला धावतपळत सजावट केलेलीही चालत नाही. देवाचं उरकून टाकायचं नसतं.

मुळात हे काम काजळीचं. घरात जमिनीतच चूल, इरोरी. वर्षभराचा धूर आढ्याला नि तुळयांना चिकटलेला. एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या किल्ल्यात या ‘सुसुहाराई’साठी, म्हणजे काजळी झाडण्यासाठी, बाराव्या महिन्याची १३ तारीख ठरली आणि शहरानेही तीच धरली. लांब बांबूच्या शेंड्याचा पाला तसाच ठेवायचा आणि त्याने वरची काजळी झाडायची. काम संपलं की व्यापाऱ्यांच्या पेढ्यांत माणसांना उचलून हवेत उडवायचे! त्या काळच्या चित्रांत ही धमाल दिसते. ध्यानस्थ शांतता वगैरे काही नाही. क्योटोच्या निशी आणि हिगाशी होंगानजी मंदिरांत आजही २० डिसेंबरला पुजारी आणि भाविक रांगेने तातामी चटया काठ्यांनी बडवतात आणि मोठाल्या पंख्यांनी धूळ बाहेर लोटतात.

आणि ते ‘नको ते फेका’? मुरोमाची काळातली, म्हणजे चौदाव्या ते सोळाव्या शतकातली, एक चित्रकथा आहे. शंभर वर्षं झालेल्या वस्तूत जीव येतो, म्हणून लोक वर्षअखेरच्या झाडलोटीत जुनं सामान आधीच रस्त्यावर टाकतात. वस्तू खवळतात. इतकी वर्षं राबवून घेतलं आणि आता उकिरडा? त्सुकुमोगामी, म्हणजे जीव आलेल्या वस्तूंची भुतं, होऊन त्या माणसांवर सूड उगवतात आणि शेवटी बौद्ध साधना करून चक्क बुद्धपदाला पोचतात. मोडक्या सुयांना मऊ टोफूत टोचून निरोप देणारी हारी-कुयो अजूनही होते. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहणाऱ्यांना हे समजायला जड जाऊ नये.

आता इरोरी गेली, तेलकट एक्झॉस्ट फॅन आला. २८ डिसेंबरला सरकारी कचेऱ्यांचं काम संपलं की तो उतरवून घासायचा. काही घरं पैसे देऊन माणसं बोलावतात, त्यावर ‘परंपरा बुडाली’ म्हणून हळहळणारेही आहेत. देव रुसत असेल असं मला काही वाटत नाही. एदोच्या पेढ्यांतही काजळी झाडायला नोकरच असायचे.