गाणं कुणाकडून आलं?

मामेभाऊ डब्लिनहून आला तेव्हा काळ्या कव्हरची एक सीडी घेऊन आला. ‘प्लँक्स्टी’ या आयरिश बँडचा त्याच नावाचा पहिला अल्बम, १९७३ सालचा. तोवर आयरिश संगीत म्हणजे नाचणाऱ्यांच्या पायांमागे धावणारी धून, एवढीच माझी समजूत होती.

पहिलंच गाणं एका श्रीमंत घरच्या बाईचं. घरदार, मऊ बिछाना, नवरा सगळं टाकून ती भटक्या जिप्सींबरोबर निघून जाते. नवरा घोड्यावरून शोधत येतो, पण ती परतत नाही. बँडचा गायक क्रिस्टी मूर हे गातो ते अगदी समोर बसून हकिगत सांगावी तसं. मग शब्द संपतात आणि मध्ये श्वासाचीही फट न ठेवता एक संथ, भारदस्त धून सुरू होते. ती सतराव्या शतकाच्या सुरुवातीच्या रुअरी डाल ओ काहान या अंध हार्पवादकाची. तिच्या नावाचा अर्थ ‘तुझा हात माझ्या हाती दे’. घर सोडून गेलेल्या बाईच्या गाण्यानंतर ही धून! मी ती जागा त्या रात्री किती वेळा मागे नेऊन ऐकली, मोजलं नाही.

धून उचलतात ते लियम ओ’फ्लिनचे इलन पाइप्स. बॅगपाइप्स म्हटलं की मला लष्करी संचलन आठवायचं, पण या वाद्यात तोंडाने हवा भरत नाहीत. कोपराखाली छोटा भाता असतो (इलन म्हणजे कोपरच), वादक बसून वाजवतो, आणि खाली तानपुऱ्यासारखा षड्ज अखंड धरलेला असतो. सात वर्षं शिकायचं, सात वर्षं रियाज, सात वर्षं वाजवायचं, तेव्हा कुठे पायपर होतो, असं तिकडे म्हणतात. ओ’फ्लिनचे सूर ऐकताना ती एकवीस वर्षं मला खरी वाटतात.

आणि बँडमधल्या डोनल लनीच्या हातातलं बुझुकी हे तंतुवाद्य तर ग्रीसचं. हा अल्बम निघाला तेव्हा ते आयर्लंडमध्ये येऊन दहा वर्षंही झाली नव्हती. आज त्याच्याशिवाय आयरिश बैठकीची कल्पना करणं अवघड. लोकसंगीतात ‘बाहेरचं वाद्य’ आलं की नाक मुरडणाऱ्यांशी मी तेव्हापासून मनापासून भांडतो.

पण मला खरं बोलायचंय ते जॉन रायलीबद्दल. हे जिप्सीचं गाणं क्रिस्टी मूरला त्याच्याकडून मिळालं. रायली आयर्लंडच्या ट्रॅव्हलर, म्हणजे भटक्या समाजातला. रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइल गावात राहायचा. टॉम मनेली या संग्राहकाने त्याला शोधून त्याची गाणी ध्वनिमुद्रित केली. १९६९ साली, अल्बम निघण्याच्या चार वर्षं आधी, रायली हलाखीत गेला. त्याच्या गाण्याने सभागृहं भरलेली त्याने पाहिली नाहीत. हे वाचल्यावर ते गाणं मला पहिल्यासारखं ऐकता आलं नाही. भटक्यांबरोबर निघून जाणाऱ्या बाईची गोष्ट एका भटक्यानेच सांभाळून ठेवली होती.

तिथल्या वादकांची एक रीत मला फार मोलाची वाटते. धून वाजवली की ती कुणाकडून घेतली ते सांगायचं. आपण घराण्याचं, गुरूचं नाव घेताना कानाला हात लावतो. लोकगीताखाली मात्र ‘पारंपरिक’ एवढाच शब्द लिहून मोकळे होतो. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदवलं. मी ते काम गाण्याइतकंच मोठं मानतो. ‘पारंपरिक’ शब्दामागे एक माणूस उपाशी झोपलेला असू शकतो.

रायलीच्या स्वतःच्या आवाजातली गाणी त्याच्या मागे अल्बम म्हणून निघाली. बुझुकी नाही, पाइप्स नाहीत, नुसता गळा. प्लँक्स्टी ऐकून झालं की तोही ऐका. मी आता उलट्या क्रमाने ऐकतो, आधी रायली.