वेण्णा तलावाकाठी आणखी पार्किंग नको, ते घाटाच्या पायथ्याशी हवे

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरच्या कोंडीची चर्चा सुरू होते आणि तिच्या पाठोपाठ रस्त्याच्या कडा तोडून, झाडी हटवून गाड्या लावायला जागा वाढवा, अशी मागणीही होते. मी वाईचा रहिवासी आहे आणि वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटातून येणे-जाणे आम्हा वाईकरांच्या रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. मागणीमागची अडचण खरी आहे. सुचवलेला उपाय मात्र मला साफ अमान्य आहे.

थंडी कडाक्याची पडली की याच रस्त्यालगतच्या वेण्णा तलाव आणि लिंगमळा परिसरात पहाटे दवबिंदू गोठतात. गाड्यांच्या टपांवर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकणांचा पांढरा थर दिसतो, त्याची छायाचित्रे मोबाईलवर फिरतात आणि शनिवार-रविवारी सगळी गर्दी तलावाकाठच्या त्या एका पट्ट्यात येऊन थांबते. दोन चाके डांबरावर आणि दोन साइडपट्टीवर अशी एक गाडी उभी राहते, समोरच्या बाजूला तशीच दुसरी, आणि मधून एसटी काढायची म्हटली तर वाहकाला खाली उतरून एकेकाला आरसे दुमडायला सांगावे लागते. रुग्णवाहिका आली तर काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

याच दिवसांत स्ट्रॉबेरीचा तोडा ऐन भरात असतो. मेटगुताड, गुरेघर, भोसे, भिलार या गावांत सकाळी फळ तोडायचे, निवडून पनेटमध्ये (प्लास्टिकच्या छोट्या डब्यांत) भरायचे आणि पिकअपने मुंबई-पुण्याच्या बाजाराकडे पाठवायचे, असा क्रम असतो. फळ अत्यंत नाजूक असते. कोंडीत उन्हात अडकलेल्या गाडीतला माल मऊ पडतो, त्याला पाणी सुटते आणि बाजारात भाव तिथेच पडतो. ज्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, जिच्या नावावर पर्यटकही येतात, तिचा शेतकरी पर्यटकांच्याच रांगेत खोळंबतो, याची खंत मला फार वाटते.

रस्त्याकडेची जागा वाढवली की रस्ता मोकळा होईल, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात रस्त्यालगत लावलेली प्रत्येक गाडी आत घेताना आणि मागे काढताना दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवते. शिवाय वर जागा आहे असे कळले की खालून आणखी गाड्या निघतात. पसरणी घाटाची वळणे आणि रुंदी मात्र आहे तेवढीच राहते.

जमिनीचा विचार तर याहून गंभीर आहे. इथे वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वरचा थर जांभ्याचा, त्याखाली काळा पाषाण, आणि जांभ्यात मुरलेले पाणीच पुढे झऱ्यांतून बाहेर येते. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून महाबळेश्वर-पोलादपूर रस्त्यावरच्या आंबेनळी घाटाची काय अवस्था झाली, ते आपण पाहिले आहे. असा डोंगर उतारावर आणखी तासायचा आणि पाणी मुरण्याच्या जागी डांबर टाकायचे, हे धोक्याचे आहे. १८४२ मध्ये बांधलेल्या वेण्णा तलावाचे पाणी महाबळेश्वर-पाचगणीचे लोक पितात. त्याच्या काठावरच्या वाहनतळाचे तेलकट पाणी पहिल्या पावसात कुठे जाणार? केंद्र सरकारने २००१ मध्ये हा परिसर पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील जाहीर केला, तो उगीच नव्हे.

दुसरा मार्ग आपल्या ओळखीचा आहे. माथेरानला गाड्या गावाबाहेरच, दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तरीही माथेरान ओस पडलेले नाही. हिमाचलात रोहतांग खिंडीकडे जायला रोज ठरावीक गाड्यांनाच परवाना मिळतो. आपल्याच जिल्ह्यात, कास पठारावर, फुलांच्या हंगामात नोंदणी करून मर्यादित पर्यटकांना प्रवेश देण्याची पद्धत आपण स्वीकारली आहे. मग महाबळेश्वरच्या हिवाळी गर्दीसाठी, निदान एका दिवसाच्या सहलीला येणाऱ्यांसाठी, घाटाखालच्या, पुणे-सातारा महामार्गावरचा सुरूर फाटा ते वाई या सपाट पट्ट्यात वाहनतळ करून तिथून एसटीच्या गाड्या सोडायला काय हरकत आहे? महाबळेश्वर आगाराच्या दर्शन-गाड्या आजही पॉइंट दाखवतात. चालक-वाहकांना हे काम नवे नाही.

तलावाकाठी मक्याची कणसे विकणारे, घोडेवाले आणि स्थानिक टॅक्सीचालक यांना या सूचनेची भीती वाटेल आणि ती समजून घेतली पाहिजे. माझ्या मते बसमधून उतरलेला माणूस काठावर अधिक वेळ फिरतो, कारण गाडी कुठे लावू आणि कधी काढू ही चिंता त्याला नसते. वर पोहोचल्यावर पॉइंट पाहायला त्याला टॅक्सी लागणारच. तरीही या मंडळींशी आधी बोलल्याशिवाय निर्णय घेऊ नये. स्थानिक रहिवासी, शेतमालाच्या गाड्या, पोलादपूरमार्गे कोकणात जाणारे आणि मुक्कामाचे आरक्षण दाखवणारे पर्यटक यांना घाटात मोकळीक हवी. हॉटेलांनी मात्र स्वतःच्या आवारात मावतील तेवढ्याच गाड्यांची हमी द्यावी.

माझी नगरपालिकांना आणि जिल्हा प्रशासनाला विनंती आहे की, कडा तोडण्याची निविदा काढण्याआधी २४ डिसेंबर ते १ जानेवारी या दिवसांत हा प्रयोग करून पाहावा. प्रवासी कर खालच्या वाहनतळावरच एसटीच्या तिकिटात घ्यावा, म्हणजे वरच्या नाक्यावरची रांगही कमी होईल, आणि शेवटची परतीची बस सूर्यास्ताच्या पॉइंटवरून लोक परतल्यानंतर सुटेल, अशी वेळ ठेवावी.