फोन आला नाही म्हणजे कंट्रोल नाही, असं नसतं

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मनापासून लिहिलीये, म्हणून दोन ओळींत उत्तर देऊन उरकावंसं वाटलं नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मीडियाच्या मालकीवरचा माझा लेख एकांगी आहे, तुम्ही बारा वर्षं न्यूजरूममध्ये काढली पण मालकाचा एकही फोन कधी आला नाही, मालकाला धंद्याशी मतलब असतो आणि काय छापायचं ते शेवटी वाचकच ठरवतो, कारण नाही पटलं तर तो पेपर बंद करतो. आणि सोशल मीडिया आल्यापासून हा वादच जुना झालाय.

आधी माझं चुकलं ते सांगतो. "मालक सांगेल तीच बातमी" हे वाक्य मी लिहायला नको होतं, फारच ढोबळ झालं ते. राल्फ मिलिबँड या मार्क्सवादी विचारवंताने १९६९ मध्ये साधारण या अंगाने मांडणी केली होती आणि ती अगदीच हवेतली नाहीये, 'डेली एक्सप्रेस'चा मालक लॉर्ड बीव्हरब्रुकने तर १९४८ मध्ये ब्रिटनच्या वृत्तपत्रांविषयीच्या रॉयल कमिशनसमोर (सरकारी चौकशी आयोगासमोर) सरळ सांगून टाकलं होतं की मी पेपर प्रचारासाठीच चालवतो. पण सगळे मालक बीव्हरब्रुक नसतात हे तुमचं बरोबर आहे.

मात्र फोन आला नाही म्हणजे कंट्रोल नव्हता, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. ग्रॅहॅम मर्डॉक नावाचे समाजशास्त्रज्ञ आहेत (माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉकशी काही संबंध नाही), त्यांनी १९८२ मध्ये एक फरक दाखवला जो मला या सगळ्या विषयातला सगळ्यात कामाचा वाटतो. एक कंट्रोल रोजच्या कामाचा, म्हणजे आज पहिल्या पानावर काय, कुठली कॉपी (बातमीचा मजकूर) कापायची, कोणाला कुठे पाठवायचं. दुसरा त्याच्या वरचा, म्हणजे संपादक कोण नेमायचा, पैसा कुठल्या डेस्कला द्यायचा आणि कुठल्या डेस्कचा काढायचा, कुठली आवृत्ती बंद करायची, नफ्याचं काय करायचं. बारा वर्षं तुम्ही पहिल्या प्रकारात होतात आणि तिथे तुम्हाला मोकळीक होती, हे मी शंभर टक्के मानतो. पण ती मोकळीक ज्या चौकटीत होती ती चौकट आखायला तुम्हाला कोणी बोलावलं नव्हतं ना. रूपर्ट मर्डॉकने २००७ मध्ये ब्रिटिश खासदारांच्या समितीला सांगितलं, की त्याच्या मालकीच्या लंडनच्या दोन पेपरांपैकी 'सन'मध्ये निवडणुकीत कोणाला पाठिंबा द्यायचा यात माझा शब्द चालतो, 'टाइम्स'मध्ये मी तसं करत नाही. समजा हे अक्षरशः खरं धरलं, तरी 'टाइम्स'च्या संपादकाच्या खुर्चीत कोण बसणार यात मालकाचं वजन राहतंच.

आणि खालच्या माणसाला कोणी काही सांगावंच लागत नाही. वॉरन ब्रीड स्वतः बातमीदार होता, नंतर समाजशास्त्रात आला, त्याने १९५५ मध्ये अमेरिकन न्यूजरूमवर लिहिताना हेच दाखवलं की पेपरची पॉलिसी नवीन माणसाला कोणीही समोर बसवून शिकवत नाही. तो आपलाच पेपर रोज वाचतो, आपल्या कॉपीतलं काय उडालं ते बघतो, कुठल्या बातमीवर वरिष्ठ गप्प झाले ते लक्षात ठेवतो, आणि सहा महिन्यांत त्याला आपोआप कळतं की इथे काय चालतं. मग फोन कशाला करायचा?

आता वाचक ठरवतो या मुद्द्याकडे. यात दम आहे. इंग्लंडमधल्या हिल्सबरो फुटबॉल स्टेडियममध्ये लिव्हरपूलचे चाहते चेंगरून मेले, त्या दुर्घटनेनंतर १९८९ मध्ये 'सन'ने मेलेल्या आणि वाचलेल्या चाहत्यांबद्दल जे खोटं छापलं, त्यावर लिव्हरपूलच्या लोकांनी पेपरवर जो बहिष्कार टाकला तो आजही टिकून आहे. पण ब्रिटनच्याच 'डेली हेराल्ड'चं काय झालं बघा. कामगारांचा पेपर, १९३३ मध्ये वीस लाख खप गाठणारा, आणि १९६४ मध्ये बंद झाला तेव्हाही त्याचे ४७ लाख वाचक होते (खप नव्हे, एक प्रत बरेच जण वाचतात), म्हणजे 'टाइम्स', 'गार्डियन' आणि 'फायनान्शियल टाइम्स' यांच्या वाचकांची बेरीज केली तरी त्याच्या जवळपास दुप्पट! लोकांनी त्याला सोडलं नव्हतं हो. देशातल्या दैनिकांच्या एकूण खपात त्याचा वाटा ८.१ टक्के होता पण जाहिरातींच्या उत्पन्नात फक्त ३.५ टक्के, कारण त्याचे वाचक गरीब आणि वयस्कर, त्यांच्यासमोर जाहिरात करण्यात कंपन्यांना रस नव्हता. खप कमी पण वाचक श्रीमंत, असे पेपर आरामात जगले. म्हणजे वाचकाचं मत मोजलं जातं ते त्याच्या खिशाच्या वजनाने. आणि त्याच्या जागी जो पेपर काढला तो 'सन', १९६९ मध्ये मर्डॉकने घेतला तो हाच.

हे मला नुसतं थिअरीतलं वाटत नाही, खरंच वाईट वाटतं. ४७ लाख लोक रोज काहीतरी वाचतात आणि एक दिवस ते नाहीसं होतं, आणि त्यात त्यांची काहीच चूक नसते.

सोशल मीडियाबद्दल थोडक्यात. कोणीही लिहू शकतं हे खरं, पण लिहिलेलं कोणाला दिसेल हे ठरवणारा हात वेगळाच आहे. १९३२ मध्ये बर्ली आणि मीन्स हे अमेरिकन अभ्यासक म्हणत होते की कंपन्यांचे शेअर्स हजारो लोकांत वाटले गेले की मालकी आणि कंट्रोल वेगळे होतात, सूत्रं मॅनेजरांकडे जातात. प्लुरलिस्ट लोक, म्हणजे सत्ता कोणा एकाच्या हातात नसते असं मानणारे, हाच आधार घेतात. फेसबुकची कंपनी मेटा, तिथे मात्र झुकरबर्गकडे शेअर्स थोडे पण त्याच्या खास प्रकारच्या एका शेअरला दहा मतं अशी सोय, त्यामुळे मतांचं बहुमत एकट्याकडे. ट्विटर तर २०२२ मध्ये ४४ अब्ज डॉलर्सला एकाच माणसाने विकत घेतलं. मालकीचा प्रश्न जुना झाला असं मला यावरून तरी म्हणवत नाही.

लेखातलं ते वाक्य आज बदलतोय. तुम्हाला एक विचारायचंय, आणि उत्तराची खरंच वाट बघतोय: त्या बारा वर्षांत तुमचे संपादक किती वेळा बदलले, आणि ते का बदलले हे तुम्हाला कधी कोणी सांगितलं का?