स्टिअरिंगच्या टाकीत ब्रेक ऑइल ओतण्याचा सल्ला

‘स्टिअरिंग जड झाले आणि इंजिनातून आवाज येऊ लागला, तर गॅरेजवाल्याचे खिसे भरू नका’ अशा सुरुवातीचा एक संदेश सध्या आमच्याकडे सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरतो आहे. स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीत ब्रेक ऑइल ओता, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून इंजिन रेस करत मिनिटभर धरून ठेवा, स्टिअरिंगचा पंप फिरवणारा बेल्ट ओरडत असेल तर त्यावर साबण घासा आणि चालत्या गाडीत स्टिअरिंग जड झाले तर तत्काळ चावी बंद करा, असे त्याचे सार आहे. ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या मामांनी तो वाचून ब्रेक ऑइलची बाटली विकत आणली आणि ‘किती ओतू?’ असे विचारायला फोन केला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

‘ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारी), म्हणजे दोघांची तेलेही सारखीच’ हा संदेशातील युक्तिवाद सर्वांत घातक आहे. नेहमीचे ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचे असते आणि स्टिअरिंगच्या पंपातील व रॅकमधील (चाके वळवणाऱ्या आडव्या दांड्याच्या भागातील) सील खनिज तेलासाठी बनवलेले, साधारणतः नायट्राइल रबराचे असतात. ग्लायकॉलच्या संपर्कात ते फुगतात, मऊ पडतात आणि गळू लागतात. जे द्रव बॉनेटच्या रंगावर सांडले तर रंग सोलून काढते, ते आत ओतायला सांगणाऱ्या माणसाने स्वतःच्या गाडीत ते कधी ओतले असेल, असे वाटत नाही. कोणते तेल चालते हे बहुधा टाकीच्या झाकणावरच छापलेले असते. काही गाड्यांना ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल, म्हणजे एटीएफ, चालते, एवढे मात्र खरे. शिवाय तेल कमी झाले म्हणजे ते कुठेतरी गळते आहे. जमिनीवर डाग दिसत नसेल, तर रॅकच्या टोकांचे रबरी बूट दाबून पाहावेत. गळलेले तेल पुष्कळदा तिथेच साचलेले सापडते.

आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत स्टिअरिंगला विजेची मोटर मदत करते. तिथे तेल नसते आणि टाकीही नसते. अशा गाडीचा मालक हा संदेश वाचून कोणत्या टाकीचे झाकण उघडेल, याचा विचारही करवत नाही. त्या गाड्यांत डॅशबोर्डवरचा स्टिअरिंगचा दिवा आणि बॅटरी आधी पाहावी. इंजिनाच्या आवाजाचे कारण वेगळे शोधावे लागते.

स्टिअरिंग पूर्ण वळवून धरण्याबद्दल मी माझे मत देत नाही. हायड्रॉलिक स्टिअरिंगच्या जुन्या ह्युंदाई गाड्यांच्या मालकपुस्तिकेत, इंजिन चालू असताना ते टोकाला ५ सेकंदांपेक्षा जास्त धरू नये, पंप खराब होऊ शकतो, असे स्पष्ट बजावलेले आहे. आत अडकलेली हवा काढताना स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवतात हे खरे. पण पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, सावकाश.

चावीचा सल्ला तर जीवघेणा आहे. मदत बंद पडली तरी स्टिअरिंग चाकांना जोडलेलेच राहते, फक्त जोर लावावा लागतो. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या उतारावर इंजिन बंद केले, तर ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरमधील निर्वात (व्हॅक्यूम) दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंतच पुरते आणि चावी काढली तर स्टिअरिंग खरोखरच लॉक होते.

बेल्टबद्दल संदेशात अर्धे सत्य आहे, ते मान्य करतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की बेल्ट घसरून किंचाळतो, स्टिअरिंग क्षणभर जड होते आणि बेल्ट वाळला की सारे पूर्ववत होते. कोरड्या दिवशीही तो किंचाळत असेल, तर तो सैल किंवा झिजलेला आहे. साबणाने आवाज थोडा वेळ दबतो आणि पकड आणखी जाते. स्टिअरिंग वळवताना वाढणारा ‘घूं’ असा आवाज मात्र बेल्टचा नसून तेल कमी झाल्याचा किंवा त्यात हवा शिरल्याचा असतो. टाकीत फेस दिसला की शंका उरत नाही. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी सततची घरघर असेल, तर पंपाचे किंवा एखाद्या पुलीचे बेअरिंग तपासावे लागते. मेकॅनिक बेल्ट उतरवून इंजिन काही सेकंद चालवतो. आवाज थांबला, तर दोष बेल्टवर फिरणाऱ्या भागांतच आहे. अनेक गाड्यांत एकच बेल्ट स्टिअरिंगचा पंप, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आणि इंजिन थंड ठेवणारा पाण्याचा पंप फिरवतो. त्यामुळे स्टिअरिंग जड होताच बॅटरीचा दिवाही लागला आणि तापमानाचा काटा चढू लागला, तर बेल्ट तुटला आहे असे समजून गाडी कडेला घ्यावी, ती पूर्ण थांबल्यावरच इंजिन बंद करावे आणि टोइंगवाल्याला बोलवावे.