बंब भंगारात काढण्याआधी

"पंधरा वर्षांवरची सरकारी गाडी भंगारात गेलीच पाहिजे, कायदाच आहे," असं गावाकडच्या ग्रुपवर एकाने लिहिलं आणि खाली अंगठ्यांची रांग लागली. विषय आमच्या नगरपरिषदेच्या आग विझवायच्या जुन्या बंबाचा. टाटा-मर्सिडीजच्या चॅसीवरचा, पितळी घंटेचा हा बंब कित्येक वर्षं पाण्याच्या टाकीखाली उभा आहे. आता तो काढून टाकायचं घाटतंय. मी विरोध केला तर उत्तर आलं, "तुम्हाला तिकडे बसून काय जातंय? इथे आठ दिवसांनी पाणी येतं."

पाण्याचे हाल मला ठाऊक आहेत, माझी आई तिथेच राहते. पण बंब विकून नळाला पाणी कसं येणार, ते कुणी सांगत नाही.

मी अमेरिकेत राहतो तिथून जवळ, न्यूयॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनीच्या दक्षिणेला, हडसन नावाचं जेमतेम सहा हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या अग्निशमन संग्रहालयात १७३१ साली लंडनहून न्यूयॉर्कला आणलेला न्यूशॅम नावाच्या इंग्रज कारागिराचा आग विझवायचा हातपंप ठेवलाय. लाकडी हौद बादल्यांनी भरायचा आणि दोन्ही बाजूंच्या दांड्या माणसांनी खालीवर करायच्या. गल्लीच्या वळणावर तो वळत नसे, उचलून फिरवावा लागे. त्याचा आज काय उपयोग, असं तिथे कुणी विचारत नाही. संग्रहालय स्वयंसेवक अग्निशामकांच्याच संघटनेचं, आणि शेजारी त्यांच्यातल्या म्हाताऱ्यांसाठी निवास. "त्यांच्याकडे पैसा आहे" म्हणणाऱ्यांनी इथल्या गावांतल्या फायरहाऊसचा, म्हणजे अग्निशमन केंद्राचा, वर्गणी जमवायचा पॅनकेक ब्रेकफास्ट एकदा पाहावा. पहाटे उठून तवे तापवणारी हीच माणसं असतात, आणि सायरन वाजला की तवा तसाच टाकून पळतात.

बरं, अमेरिकेचं सोडा. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात १९१४ सालचा मॉरिस-बेल्साइझ बंब आहे. तो निजाम स्टेट रेल्वेचा, म्हणजे जी रेल्वे आपल्या जालना-परभणीवरून गेली तिचा! तो जपला म्हणून दिल्लीत कुणाचं पाणी तुटलं नाही.

राहिला कायदा. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी संपते आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्राकडे जातात, हे खरं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणण्याचा २०२१ चा नियम खासगी वापराच्या गाड्यांसाठी आहे, तो आपल्या बंबाला सरळ लागू होणार नाही, हेही खरं. मग राज्याकडे एका गाडीपुरती सवलत मागा. तिला रस्त्यावर धावायचं नाहीच, पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहायचंय. एवढा प्रस्ताव पाठवायला काय जड आहे?

मला हे इतकं का लागतं, तेही सांगतो. हडसनला एक आजोबा नातवाला दुसऱ्या एका जुन्या बंबाकडे बोट दाखवून सांगत होते, "माझे वडील याच्यावर होते." मला इथे असं बोट दाखवायला काही नाही. मी कर भरतो, चार जुलैच्या, इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या, परेडला खुर्ची टाकून बसतो, माझ्या मुली इथल्याच आहेत. पण इथल्या एकाही बंबाने माझ्या घरच्यांसाठी पाणी मारलेलं नाही.

आमच्या गावच्या त्या बंबाने मारलंय. वडिलांच्या कापडाच्या दुकानाला आग लागली तेव्हा दोन जवान होजपाइप बगलेत घट्ट धरून उंबऱ्यावर उभे होते. ज्वाळा विझल्यावरही ते गेले नाहीत. जळक्या ताग्यांच्या गठ्ठ्यांत हात घालून, एकेक घडी उलटून, आतली धग शोधत राहिले. आईने चहा पुढे केला तर चालकमामा म्हणाले, "वहिनी, आधी आतलं विझू द्या."

शेडचा खर्च मी देतो, असं मी ग्रुपवर लिहिलंय. "पैसे पाठवून गावकरी होता येत नाही," असं एकाने ऐकवलं. ते लागलं, कारण रात्री हाच विचार माझ्याही मनात येतो. तरी म्हणणं बदलत नाही. बंब ठेवा, शाळेच्या पोरांना त्यावर चढू द्या, घंटा वाजवू द्या. आणि ज्यांनी त्यावर नोकरी केली त्यांची नावं पाटीवर लिहा. त्यातले दोघे अजून गावातच आहेत, बाकीची नावं ते सांगतील.