द्राक्षाला पीपीएम, बाईला 'ग्लो'

डोकेदुखीची गोळी आणायला जायचं आणि स्वतःच्या कपाळाचा पंचनामा ऐकून घरी यायचं, हा काय प्रकार आहे? आमच्या नाशिकात कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर, कुठेही जा. अर्धं दुकान औषधांचं, अर्धं क्रीमचं. बिल करणारी विशीतली पोरगी गोळ्यांच्या पट्टीकडे बघतच नाही, सरळ माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्याकडे बघते. "मॅम, फाइन लाइन्ससाठी काही वापरता का?" मागे रांगेत उभे असलेले दोन काकाही मग माझ्या फाइन लाइन्स शोधायला लागतात.

अगं बाई, मी ४७ वर्षांची आहे. या वयात सुरकुत्याच येतात, दुधाचे दात नाही येत.

तरी माझा राग तिच्यावर नाही. तिला टार्गेट दिलेलं असतं, ते गाठलं नाही तर बोलणी तिलाच बसतात. माझा राग त्या डबीवर आहे. एकदा नीट हातात घेऊन बघा. बाहेर सोनेरी खोका, आत पुठ्ठ्याची कमान, कमानीवर काचेची बरणी, बरणीचा तळ बोटभर जाड, आणि एवढ्या थाटात क्रीम किती? ३० ग्रॅम. किंमत १,८०० रुपये. खोक्यावर 'क्लिनिकली प्रूव्हन' आणि शेजारी एक चांदणी. त्या चांदणीचा माग काढत खोका उलटा करा, चष्मा कपाळावर सरकवा, मोबाइलचा टॉर्च मारा, मग तळाशी बारीक अक्षरांत सापडतं की ही वापरणाऱ्या बायकांनी स्वतःच दिलेली मतं आहेत. म्हणजे क्रीम हातात दिली, काही आठवड्यांनी विचारलं, "ताई, बरं वाटतंय ना?" ताई म्हणाल्या, "हो, मऊ वाटतंय." झालं सिद्ध!

मऊ वाटणारच. कुठलंही साधं मॉइश्चरायझर लावलं तरी वाटतं. त्वचेचा वरचा थर पाणी धरतो, जरासा फुगतो, बारीक रेघा तेवढ्यापुरत्या भरल्यासारख्या दिसतात. ज्या ह्यालुरॉनिक ॲसिडचा एवढा गाजावाजा चाललाय तेही हेच करतं. लावलंत तोवर आहे, धुतलंत की गेलं. त्यात वाईट काही नाही. नाशिकच्या डिसेंबरात हात-पाय उलायला लागले की मीही थापते. पण त्या कामाला वाण्याकडची साधी बाटली पुरते. तिच्यावर कोणी 'वय मागे फिरवा' असं छापत नाही.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. भाऊ द्राक्षबागाईतदार. आमच्या वहिनीने अशीच एक बरणी कुणाच्या तरी सांगण्यावरून आणली होती, ती त्याच्या हाती लागली. त्याने सवयीने आधी मागची बाजू वाचली, मग मला विचारलं, "ताई, यात टेक्निकल, म्हणजे खरं काम करणारा घटक, किती टक्के आहे?"

"लिहिलेलं नाही."

"मग डोस कसा धरता तुम्ही?"

घ्या! मासिकांतून, रील्समधून, पार्लरमधून कोणी जो प्रश्न विचारला नाही तो याने उभ्या उभ्या विचारला. कारण त्याला सवय आहे. कृषी सेवा केंद्रात मँकोझेब या बुरशीनाशकाचा पुडा घ्या, त्यावर ७५ टक्के छापलेलं असतं. विषाचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा तेही. एकराला किती, पाण्यात किती, काढणीआधी किती दिवस फवारायचं नाही, सगळं. तीच गोष्ट जीएची, म्हणजे द्राक्ष वाढवणाऱ्या जिबरेलिक ॲसिडची. घड लांबवायला १०-१५ पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत १०-१५ भाग), मण्यांच्या फुगवणीला ४० च्या आसपास, आणि तेही मणी किती मिलिमीटरचा झालाय ते बघून. 'थोडं टाका, छान ग्लो येईल' असं कोणी दुकानदार निफाडच्या शेतकऱ्याला बोलून दाखवू दे, त्याच पावली दुकानाबाहेर काढतील. २०१० साली क्लोरमेक्वॅट या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश जास्त सापडला म्हणून युरोपातून कंटेनर नाकारले गेले, तेव्हापासून तर आमच्याकडे शाळकरी पोरालाही रेसिड्यू म्हणजे काय ते ठाऊक आहे. आणि इथे? घडाला जे लावायचं त्याचा हिशेब थेंबाथेंबाचा, आणि घरातल्या बाईने तोंडाला जे फासायचं त्यावर नुसतं 'विथ रेटिनॉल', म्हणजे अ जीवनसत्त्वाचं एक रूप! किती रेटिनॉल? उत्तर नाही. युरोपने २०२४ साली नियम काढला की चेहऱ्याच्या क्रीममध्ये रेटिनॉल ०.३ टक्क्यांच्या वर नको. म्हणजे आकड्याला अर्थ आहे, मोजता येतो, बांधून देता येतो. फक्त गिऱ्हाइकाला सांगायचा नाही.

आपल्याकडे घटकांची यादी छापणं बंधनकारक आहे, पण त्यातही गंमत आहे. १ टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे. त्याखालचे मात्र कुठेही, कसेही. एक खूण सांगते. यादीत फिनॉक्सीइथेनॉल शोधा. क्रीम खराब होऊ नये म्हणून ते घालतात आणि १ टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. त्याच्यानंतर ज्यांची नावं येतात ते सगळे १ टक्का किंवा त्याच्या आतलेच. आता बघा, खोक्यावर ज्याचा एवढा मोठा फोटो आहे ते केशर, ते सोनं, ते 'ग्रेप सीड' कुठे सापडतं. परफ्यूमच्याही खाली! द्राक्षाचं तर विशेषच दुखतं. आमच्याच द्राक्षाच्या सालीतलं रेस्व्हेराट्रॉल, ते चिमूटभर घातलं की बाटलीचं नाव फ्रेंच होतं आणि किंमत पेटीभर द्राक्षांच्या वर जाते. पंचवटीतल्या हातगाडीवर मात्र त्याच द्राक्षांना घासाघीस.

हल्ली काही सीरमवाले टक्का छापतात, तेवढं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. पण मग दुसरं टोक. भाचीने नियासिनामाइड १० टक्के, व्हिटॅमिन सी २० टक्के, वर कुठलंसं सोलणारं ॲसिड, असे थरावर थर चढवले आणि आठवड्यात तोंड लालबुंद. वय १९. हिच्या चेहऱ्यावर सुरकुती आणायलाच सीरम लागेल! आणि ते व्हिटॅमिन सी दुकानात ठेवलेलं असतं कुठे, तर दर्शनी काचेत, दुपारच्या उन्हात, पारदर्शक बाटलीत. उजेड आणि हवा लागली की ते बिघडतं, तपकिरी पडतं. दुकानदाराला सांगितलं तर म्हणतो, "मॅडम, तो त्याचा नॅचरल कलर आहे."

मग काहीच चालत नाही का? चालतं ना! तोच तर संताप आहे. जे चालतं त्याबद्दल कोणी बोलत नाही, कारण त्यात कमाई नाही.

अ जीवनसत्त्वापासून बनलेलं ट्रेटिनॉइन नावाचं औषध आहे. मुरुमांवर अमेरिकेत १९७१ पासून वापरात. १९८८ साली मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १६ आठवड्यांचा प्रयोग छापला, एका हाताला औषध, दुसऱ्या हाताला तीच क्रीम पण औषधाविना. औषधाच्या हातावर फरक दिसला. बहुतेकांची त्वचा लाल झाली, सोलवटली, तेही त्यांनी लपवलं नाही. १९९५ मध्ये बारीक सुरकुत्यांसाठी त्याला तिथे रीतसर परवानगी मिळाली. आपल्याकडे त्याची ट्यूब डॉक्टरच्या चिठ्ठीवर काही शे रुपयांत मिळते आणि तिच्यावर टक्का छापलेला असतो, ०.०२५ किंवा ०.०५, ठळक. गरोदरपणात चालत नाही, रात्रीच लावायची, फरक दिसायला महिने जातात, खोल घड्या जातच नाहीत. एवढं खरं सांगणारी वस्तू सोनेरी खोक्यात येतच नाही. दुकानातलं रेटिनॉल त्याचंच सौम्य भावंड, त्वचेत गेल्यावर दोन पायऱ्या चढून ते त्या औषधात बदलतं, म्हणून जोर कमी. थोडाफार उपयोग होतो, डोस पुरेसा असेल तर. आणि डोस किती? परत तेच!

कोलॅजन क्रीमचं तर बोलूच नका. कोलॅजन म्हणजे त्वचेला घट्ट ठेवणारं प्रथिन, त्याचा रेणू सुमारे ३ लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप). त्वचेतून साधारण ५०० डाल्टनपर्यंतचं काय ते आत शिरतं. ते वरच बसणार आणि तोंड धुताना बेसिनमध्ये जाणार. म्हणून आता पावडर आलीय, पाण्यात ढवळून प्यायची. आमच्या सोसायटीतल्या एक माळकरी काकू एकादशीला साबुदाणा खाऊन वर ती पितात. कोलॅजन जनावराचं नाहीतर माशाचंच असतं, हे त्यांना सांगायची छाती माझी झालेली नाही. 'व्हेज कोलॅजन' म्हणून जे विकतात त्यात कोलॅजन नसतंच.

आणि ऊन? सुरकुत्यांचा खरा कारखाना आपल्या डोक्यावर आहे, त्याचं नाव कोणी काढत नाही. २०१२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात एका अमेरिकन ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. वय ६९, २८ वर्षं ट्रक चालवलेला. चेहऱ्याची एक बाजू बऱ्यापैकी, खिडकीकडची डावी बाजू मात्र घड्याच घड्या. काच बंद असली तरी अतिनील किरणांतला यूव्हीए भाग आत येतो. आपल्याकडे हाच माणूस आग्रा रोडने गाडी चालवत असता तर उजवी बाजू गेली असती, एवढाच फरक. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये साडेचार वर्षं लोकांना रोज न चुकता सनस्क्रीन लावायला दिलं, २०१३ साली निकाल छापला. मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांपेक्षा रोज लावणाऱ्यांच्या त्वचेवर वाढत्या वयाच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी. हा खरा प्रयोग. 'मऊ वाटतंय' वाला नव्हे.

पण सनस्क्रीनचं माप तरी कोण सांगतं? तोंडाला आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लागतं. त्याहून कमी लावलं तर बाटलीवरचा एसपीएफ ५० हा आकडा तुमच्यासाठी नाहीच. या हिशेबाने ५० ग्रॅमची ट्यूब दीड-दोन महिन्यांत संपली पाहिजे. आपल्या घरांत ती दिवाळीपासून दिवाळीपर्यंत चालते! वाटाण्याएवढं बोटावर घ्यायचं, नवरा, मुलगी, सासूबाई सगळ्यांनी वाटून लावायचं आणि मग म्हणायचं, "काही उपयोग नाही गं त्याचा."

त्यापेक्षा मेन रोडवरचा सुती स्कार्फ बरा. बाहेरगावचे लोक आमच्या ॲक्टिव्हावरच्या पोरींना हसतात, डोळे तेवढे उघडे, बाकी सगळं गुंडाळलेलं, हातात कोपरापर्यंत मोजे. हसू द्या. घट्ट विणीचं कापड किरणं अडवतं, घामाने उतरत नाही, दर दोन तासांनी परत लावावं लागत नाही आणि त्याच्या खोक्यावर चांदणी नसते. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर सुरकुत्यांच्या आधी वांग आणि डाग येतात, त्यांनाही मूळ कारण बरंचसं ऊनच. पण जाहिरातीतली बाई गोरीपान, तिची काळजी सुरकुतीची, म्हणून आपणही सुरकुतीचीच काळजी करायची.

खरा संताप मात्र आता सांगते. शेजारच्या बाईंना वांगासाठी पार्लरमध्ये एक बिननावाची डबी दिली, 'आमचं स्पेशल मिक्स'. पंधरवड्यात चेहरा असा उजळला की सगळ्या बिल्डिंगने नंबर मागितला. डबी बंद केली की आग आग, लाली, मग परत तीच डबी. आता गालांवर तांबड्या शिरा दिसतात, कातडी कागदासारखी. कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंनी बघताक्षणी विचारलं, "स्टिरॉइड कोणी दिलं?" बीटामेथासोन, मोमेटासोन ही स्टिरॉइडं आणि रंग उजळणारं हायड्रोक्विनोन यांची सर्रास मिसळ करून हे लोक चेहऱ्याला लावायला देतात. २०१८ साली सरकारने त्वचेवर लावायच्या स्टिरॉइड क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. मनाई कागदावर, ट्यूब काउंटरवर. मागा, मिळते. सुरकुतीची भीती घालून बाईला दारापर्यंत आणायचं आणि आत नेऊन तिची कातडीच पातळ करून सोडायची, याला धंदा म्हणतात? बिचाऱ्या त्या अजून त्या पार्लरवालीला दोष देत नाहीत. म्हणतात, "तिने मनापासून दिलं होतं हो."

आणि हे सगळं आमच्याच वाट्याला. आमच्या ह्यांच्या कपाळावर तीन ठसठशीत आठ्या आहेत, त्याच दुकानात तीच पोरगी त्यांना विचारते, "सर, कॅरी बॅग हवी का?"

काल मोठ्या जाऊबाईंचा मेसेज आलाय. चेहऱ्याला बांधायचा दिव्यांचा मुखवटा, हप्त्यावर, रोज दहा मिनिटं, सुरकुत्या गायब. मी विचारलं, "वहिनी, त्या उजेडाची वेव्हलेंग्थ किती नॅनोमीटर आहे?" त्यांनी लगेच कळवलं, "गुलाबी."