कुलगुरू झाले तरी मास्तरच

माझ्या मावसबहिणीची मुलगी यंदा बारावी झाली. परवा घरी आली आणि पाय धुवायच्या आधीच विचारलं, "मावशी, मला लॉ करायचंय. पण पुढे प्रोफेसर झाले तर चालेल का? की सगळे म्हणतात तशी प्रॅक्टिसच करू?"

वीस वर्षांहून जास्त काळ मी फोंड्याच्या कोर्टात उभी राहते आहे. लॉला जाऊ का, असं विचारणाऱ्या मुली पुष्कळ भेटल्या. कायदा शिकवू का, असं विचारणारी ही पहिलीच. उत्तर द्यायला बसले आणि दोन तास एकाच माणसाबद्दल बोलत राहिले. एन. आर. माधव मेनन. तिनं हे नाव ऐकलंच नव्हतं. पाच वर्षांचा जो कोर्स ती करू पाहते, त्याला या देशात प्रतिष्ठा मिळवून देणारा हा माणूस, आणि तिच्या कोचिंग क्लासात त्याचं नावही निघालेलं नाही. म्हणून आज इथे सविस्तर लिहिते आहे.

मेनन १९३५ साली तिरुअनंतपुरमला जन्मले. विशीतच केरळ उच्च न्यायालयात वकिलीची सनद घेतली. घरच्यांना बरं वाटावं असा रस्ता समोर होता. तो सोडून ते अलीगढला जाऊन कायद्यात पीएचडी झाले आणि दिल्ली विद्यापीठात शिकवू लागले. तेव्हा लॉ कॉलेजला काय किंमत होती हे आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा. दिवसभर नोकरी, संध्याकाळी वर्ग, हजेरी लागली तर लागली, परीक्षेच्या आधी पंधरा दिवस गाईड. दुसरं काही जमलं नाही की माणूस लॉ करायचा. आपल्या गोव्यात तर पणजीचं साळगावकर लॉ कॉलेज १९७३ मध्ये निघालं. त्याआधी ज्याला कायदा शिकायचा त्यानं बेळगाव नाहीतर मुंबई गाठायची, आणि पोर्तुगीज काळात ऐपत असली तर थेट लिस्बन किंवा कोइंब्रा.

या अवस्थेत देशाची बार कौन्सिल, म्हणजे वकिलांची शिखर संस्था, कायद्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ काढायचं ठरवते आणि ते उभं करायला मेननना बोलावते. १९८६ मध्ये कर्नाटकानं त्यासाठी कायदा केला आणि १९८८ मध्ये बंगळूरच्या नॅशनल लॉ स्कूलची पहिली तुकडी बसली. त्या मुलांना स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. सेंट्रल कॉलेजच्या आवारात वर्ग भरायचे, नागरभावीचा कॅम्पस नंतरचा. विचार करा, बारावी झालेल्या मुलाच्या आईबापांना सांगायचं की डॉक्टर-इंजिनिअर सोडा, पाच वर्षं आमच्याकडे ठेवा, आणि दाखवायला जवळ इमारतही नाही.

पण अभ्यास कसा घ्यायचा हे मात्र पक्कं होतं. कायद्याच्या जोडीला अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास. वर्षाचे तीन भाग. प्रत्येक विषयात विद्यार्थ्यानं स्वतः शोधून प्रकल्प लिहायचा आणि तोंडी परीक्षेत तो पेलून दाखवायचा. मूळ निकालपत्रं वाचायची, गाईड नव्हे. आणि जे मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते म्हणजे क्लिनिक. मेडिकलचा विद्यार्थी जसा वॉर्डात शिकतो, तसा कायद्याचा विद्यार्थी अडलेल्या माणसासमोर बसून शिकला पाहिजे, यासाठी मेनन दिल्लीपासून धडपडत होते. कुलगुरू झाल्यावर त्यांनी ते संस्थेच्या घडणीतच घातलं. पुढे बार कौन्सिलनं १९९७ मध्ये देशातल्या सगळ्या लॉ कॉलेजांना चार प्रात्यक्षिक पेपर सक्तीचे केले, त्यामागे हाच आग्रह होता.

बारा वर्षांत संस्था नावारूपाला आली. त्या खुर्चीत ते शेवटपर्यंत बसू शकले असते, कुणी हलवलं नसतं. आपल्याकडे संस्थापक म्हटला की त्याचं काय होतं ते आपण आजूबाजूला बघतोच, शाळेपासून सहकारी बँकेपर्यंत. मेनन १९९८ मध्ये उठले आणि कोलकात्याला गेले. तिथलं कायदा विद्यापीठ पुन्हा शून्यापासून. पाच वर्षांनी तेही दुसऱ्याच्या हाती देऊन भोपाळला, राष्ट्रीय न्यायिक अकादमीचे पहिले संचालक म्हणून. म्हणजे आधी वकील घडवले आणि मग न्यायाधीशांना वर्गात बसवलं. निवृत्तीनंतरही तिरुअनंतपुरमला नव्या वकिलांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. २००३ मध्ये पद्मश्री, २०१९ च्या मे महिन्यात निधन, पुढच्या वर्षी मरणोत्तर पद्मभूषण. त्यांच्या आठवणींचं पुस्तक आहे. त्याच्या नावात ते स्वतःला कायद्याचा शिक्षक म्हणवतात. कुलगुरू हा शब्द त्या नावात नाही.

मराठी माणसाला खरं तर हे नवं वाटू नये. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे आपल्याच कोकणातले. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात कायद्याचे प्राध्यापक, उच्च न्यायालयात वकील, आणि १९४७ ते १९४९ मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० चा, शेवटचा १९६२ चा. तिसरा १९४६ मध्ये आला आणि चौथा १९५३ मध्ये. मधली दोन वर्षं कुलगुरुपदाची. पद आलं आणि गेलं, काम चालू राहिलं. १९६३ ला भारतरत्न मिळालं तेव्हा ते त्र्याऐंशीच्या घरात होते. ही नुसती विद्वत्ता नव्हे, ही बैठक आहे.

उपेंद्र बक्षी हे आणखी वेगळ्या जातकुळीचे. ते दक्षिण गुजरात आणि मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले, पण मला ते आठवतात त्याआधीच्या एका पत्रासाठी. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला आणि सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडून दिलं. १९७९ मध्ये चार कायदा-शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. बक्षी, लोतिका सरकार, आणि दोन मराठी नावं, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. त्यातून देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला. पत्र लिहिणारे शिक्षक होते. त्या दिवशी त्यांचा वर्ग देशाएवढा झाला.

आता माझी गोष्ट सांगते, कारण हे सगळं मला पुस्तकातून कळलेलं नाही.

मी तिसऱ्या वर्षाला होते. आमचे एक सर शनिवारी आम्हां चार-पाच जणांना कदंबच्या, म्हणजे सरकारी बसनं फोंडा तालुक्यातल्या एका पंचायतीत न्यायचे. पंचायतीच्या हॉलमध्ये एक टेबल, दोन बाकं, मागे पत्र्याचं कपाट. लोक यायचे. कुणाचं मुंडकारपण (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात राहण्याचा हक्क), कुणाचं वीजबिल, कुणाची पेन्शन. एका शनिवारी तिशीतली एक बाई आली. हातात प्लास्टिकची पिशवी. तिनं टेबलावर लग्नाची पत्रिका ठेवली, मंडपातला फोटो ठेवला आणि घड्या पडून फाटत आलेला एक कागद ठेवला. म्हणाली, "बाये, लग्न जालां आमचें. हें पळे." नवरा बोटीवर कामाला. सासरच्यांनी घराच्या वाटणीचं बोलणं सुरू केलं होतं आणि हिला सांगितलं होतं की तुझा काही हक्क नाही.

कुटुंब कायद्याच्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते. गोव्यात लग्नानंतर नवराबायकोची मालमत्ता कशी सामाईक होते यावर मी सात पानं लिहिली होती. मी त्या बाईला ते घडाघडा सांगायला लागले. सर शेजारच्या बाकावर बसले होते. मला अडवलं नाही. माझं संपल्यावर त्यांनी तो कागद उचलला, मागची बाजू बघितली आणि हळूच विचारलं, "ही पहिली सही. दुसरी कधी केली?"

बाईला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आपल्याकडे लग्नाची नोंद दोन वेळा जाऊन होते. आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे इरादा जाहीर करायचा, मग मुदत संपल्यावर पुन्हा जाऊन नोंदीवर सह्या करायच्या. दुसरी सही झाली नाही तर कायद्याच्या नजरेत लग्नच झालं नाही, मग मंडपात पाचशे पानं उठलेली असोत. पहिल्या सहीनंतर सगळे हॉल आणि केटररच्या मागे लागतात आणि ती तारीख निघून जाते. माझ्या सात पानांत यातलं एक अक्षर नव्हतं.

नवरा रजेवर आला तेव्हा दोघांना घेऊन नव्यानं सगळं केलं. नंतर ती दोन नारळ घेऊन सरांना भेटायला आली होती.

पुढे सरांवर पदाची जबाबदारी आली, केबिन मिळाली. शनिवारची बस त्यांनी चुकवली नाही. मी मात्र नंतर काही वर्षं एका ठिकाणी तासिकेवर शिकवत होते, तिथे उलट अनुभव आला. मुलांना पंचायतीत न्यायची परवानगी मागितली. संस्थाप्रमुख स्वतः कायद्याचे प्राध्यापक, एके काळी उत्तम शिकवणारे. म्हणाले, "मॅडम, हे तास कुठल्या रकान्यात दाखवणार? मुलांकडून फाइल लिहून घ्या." मुलांनी फाइल लिहिली. एकानं लिहिली, बाकीच्यांनी उतरवली, सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळाले. संस्थेचं नाव घेत नाही. पण ते वाक्य आठवलं की आजही जीव तुटतो, कारण रकाना तयार करण्याचा अधिकार ज्यांच्या हातात होता तेच तो मला विचारत होते.

कायद्याच्या प्राध्यापकाला कुलगुरू करतात ते कशासाठी? फाइल निस्तरायला प्रशासकीय अधिकारी आहेत, बांधकामाला इंजिनिअर आहेत. नियम कुठे वळवता येतो, कुठे नवा करावा लागतो हे त्याला कळतं, आणि मुलं कुठे शिकतात हेही त्यालाच कळतं. या दोन्ही गोष्टी एका माणसात क्वचित येतात. मेननमध्ये त्या होत्या आणि त्यांनी त्या वापरल्या.

त्यांचं सगळं साधलं असं मी म्हणणार नाही. बंगळूरच्या धर्तीवर राज्याराज्यांत कायदा विद्यापीठं निघाली आणि त्यांतली हुशार मुलं मोठ्या संख्येनं कॉर्पोरेट फर्ममध्ये गेली. तालुक्याच्या कोर्टात ती मला दिसत नाहीत. फी ऐकली की त्या मुलांना दोष देववत नाही. पण तालुक्याचं कोर्ट जिथल्या तिथेच आहे, ही सल आहे.

आणि म्हणून मला गोव्याबद्दल बोलायचं आहे. बार कौन्सिलच्या पुढाकारातून आपल्याकडे २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय दर्जाचं म्हणून कायदा विद्यापीठ सुरू झालं. कुलगुरू म्हणून आले आर. वेंकट राव. आंध्र विद्यापीठात कायदा शिकवलेले, आणि मेनननी उभ्या केलेल्या त्याच बंगळूरच्या संस्थेचे २००९ पासून दहा वर्षं कुलगुरू. मला या गोष्टीचा मनापासून आनंद झाला. आंतरराष्ट्रीय कायदा शिकवा, लवाद शिकवा, जरूर शिकवा. पण गोव्यात बसून गोव्याचा कायदा नाही शिकवायचा तर तो कुठे शिकवणार?

समान नागरी कायद्याचा विषय निघाला की दिल्लीपासून गल्लीपर्यंत सगळे गोव्याचं नाव घेतात. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही घेतलं. उत्तराखंडानं कायदा केला तेव्हाही घेतलं गेलं. पण १८६७ ची ती पोर्तुगीज नागरी संहिता, हिंदूंच्या रूढींबद्दलचा १८८० चा हुकूम, कोमुनिदादींची, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या गावकरी संस्थांची संहिता, देवस्थानांच्या महाजनांचे नियम, २०१६ अखेर लागू झालेला आपला नवा वारसा कायदा आणि त्यातली इन्व्हेंटरी म्हणजे वारसांतल्या वाटणीची कोर्टातली प्रक्रिया, हे सगळं सलग वाचलेला तरुण वकील मला दाखवा. ज्येष्ठ वकील मनोहर उसगांवकरांसारख्यांनी पोर्तुगीजमधून इंग्रजीत आणलं म्हणून आमची पिढी तरली. पुढच्या पिढीसाठी हे काम एकट्यादुकट्या वकिलाच्या टेबलावर सोडून कसं चालेल? ते विद्यापीठाचं काम आहे. आणि ते इंग्रजीपाशी थांबता कामा नये. माझा अशील कोकणीत बोलतो, मराठी पेपर वाचतो आणि इंग्रजी कागदावर सही करतो. वारसाहक्क म्हणजे काय, दुसरी सही म्हणजे काय, हे त्याला त्याच्या भाषेत छापून मिळालेलं मी अजून फारसं पाहिलेलं नाही.

साळगावकरच्या मुलांनी गावोगावच्या पंचायतींत कायदा-मदत केंद्रं चालवली आहेत. म्हणजे वाट पडलेली आहे. नव्या विद्यापीठानं ती रुंद करावी, गोवा विद्यापीठानं साथ द्यावी, आणि कुलगुरूंनी वर्षातून चार शनिवार तरी त्या बाकावर बसावं. उद्घाटनाला नको. नुसतं बसायला.

भाचीनं हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग मी आधी काय वाचू?"

मंगळवारी माझ्या एका अशील जोडप्याची दुसरी सही आहे. तिला सांगितलं, साडेनऊला फोंड्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारच्या दारात ये, वही आण, आणि काउंटरपाशी उभी राहून लोक कुठले कागद विसरून येतात तेवढं लिहून घे.